पाणथळीवरचे फोटो भुरकट का येतात? लेन्स दुरुस्तीला धाडण्याआधी हे तपासा

कोलोरॅडो किंवा ॲरिझोनासारख्या कोरड्या हवेच्या राज्यातून फ्लोरिडात, जॉर्जियात, लुइझियानात राहायला आलेल्या हौशी फोटोग्राफरची तक्रार ठरलेली असते. कॅमेरा तोच, १५०-६०० मिलिमीटरची लांब लेन्सही तीच. तिकडे पीस न् पीस मोजता यायचं आणि इथे बगळा समोर उभा असूनही फोटो भुरकट. घरी मोठ्या स्क्रीनवर उघडला की काचेवरून कुणी ओला हात फिरवल्यासारखा दिसतो. मग लेन्स सर्व्हिस सेंटरला जाते, ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी घेऊन परत येते आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

माझं मत स्पष्ट आहे. दक्षिणेतल्या पाणथळींवर लेन्सवर संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी. इथे बिघाड बहुतेक वेळा काच आणि पक्षी यांच्या मधल्या जागेत असतो: दमट हवा, तापलेली हवा, हलणाऱ्या फळ्या, आडवं आलेलं गवत. प्रत्येकाची खूण वेगळी असते. ती ओळखता आली नाही तर आपण शटर वाढवून बघतो, आयएसओ वाढवून बघतो, शेवटी नवी लेन्स घेतो, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

आधी निदान

न हलणारी एखादी वस्तू निवडा. सायप्रसचा खुंट चालेल, माहितीची पाटी चालेल. सर्वांत उत्तम म्हणजे काठावर ऊन खात पडलेला ॲलिगेटर. तासभर जागचा हलत नाही आणि त्याच्या पाठीवरच्या खवल्यांइतका चांगला फोकस-तक्ता विकतही मिळणार नाही. १/२००० च्या आसपास शटर ठेवा, एका दमात दहा फ्रेम काढा आणि त्या शंभर टक्के मोठ्या करून एकापाठोपाठ एक बघा.

दहाही फ्रेम सारख्याच दुधाळ असतील, काळा रंग करडा दिसत असेल आणि उजळ भागाभोवती प्रभावळ असेल, तर काचेवर किंवा काचेच्या आत बाष्प आहे, नाहीतर सनस्क्रीनच्या बोटांचे डाग. दहा फ्रेम दहा तऱ्हेच्या असतील, म्हणजे एक बरी, पुढची वाईट, तिसरीत सरळ कड नागमोडी, तर ती हवेची थरथर. सगळ्या रेषा एकाच दिशेने, बहुधा वर-खाली, दुहेरी दिसत असतील तर कॅमेरा हललाय. ॲलिगेटर मऊ, म्हणजे धार नसलेला, पण त्याच्या पुढची गवताची पात कातीव असेल तर फोकस चुकीच्या जागी बसलाय.

सगळ्या फ्रेम सारख्याच मऊ, पण दुधाळ नाहीत, आणि फ्रेममध्ये कुठेच काही कातीव नाही, असं असेल तरच लेन्सकडे वळायचं. त्याबद्दल शेवटी.

काचेवरचं धुकं

फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तेच इथे लेन्सचं होतं. दक्षिण फ्लोरिडात जून ते सप्टेंबर पहाटेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं तो आकडा, ७५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असणं अगदी नेहमीचं. हॉटेलच्या खोलीत एसी ६८ वर लावलेला. रात्रभर त्या गारव्यात राहिलेली लेन्स बाहेर काढली की काच दवबिंदूपेक्षा सात अंशांनी थंड, आणि पाणी सुटणारच. म्हणून हवामानाच्या ॲपवर तापमान आणि आर्द्रतेचे टक्के बघत बसण्यापेक्षा ‘ड्यू पॉइंट’चा आकडा बघा. तो खोलीच्या तापमानापेक्षा वर असेल तर धुकं धरणार, खाली असेल तर नाही. इतकं सोपं आहे.

याच कारणाने जानेवारीत नातेवाइकांना एव्हरग्लेड्स दाखवून आलेल्या माणसाला हा त्रास कधी झालेला नसतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला कोरडा हंगाम. दवबिंदू बराच खाली असतो. तोच माणूस जूनमध्ये परत जातो आणि लेन्स एकाएकी ‘बिघडते’.

उपाय एकच: काच बाहेरच्या हवेइतकी गरम होऊ द्यायची, आणि ती गरम होईपर्यंत दमट हवा तिला लागू द्यायची नाही. बॅग आदल्या रात्री गॅरेजमध्ये किंवा गाडीच्या डिकीत ठेवा. हॉटेलात ते जमत नसेल तर कॅमेऱ्याला लेन्स लावूनच तो मोठ्या झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, पिशवी बंद करा आणि मगच खोलीबाहेर न्या. दव पिशवीवर बसेल, काचेवर नाही. मोठ्या लेन्सला अर्धा-पाऊण तास सहज लागतो, तेवढं आधी उठायचं. गाडीतही लेन्स मांडीवर घेऊन एसीच्या झोतासमोर बसू नका. निम्मी माणसं घरून नीट आणलेली लेन्स या शेवटच्या वीस मिनिटांत पुन्हा गार करतात.

धुकं धरलंच तर पुसू नका. काच थंड आहे तोवर पुसलं की लगेच परत धरतं, आणि वर कापडाचे ओघळ उमटतात ते वेगळेच. त्या अवस्थेत लेन्स बदलायची तर अजिबात नाही, कारण मग तेच बाष्प सेन्सरवर बसतं. झूम करताना नळी बाहेर येणारी लेन्स असेल तर तोवर झूमही करू नका. प्रत्येक हालचालीला ती बाहेरची हवा आत ओढते. पुढची काच लख्ख दिसते आणि फोटो मात्र दुधाळच, असं होतं तेव्हा बाष्प आतल्या काचांवर असतं. मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा, दिसतं. ते आपोआप जातं, फक्त बाहेरच्यापेक्षा जास्त वेळ घेतं.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेला माणूस इथे लगेच विचारतो, ‘गॅरेजमध्ये ठेवली तर बुरशी नाही का लागणार?’ शंका रास्त आहे. एका रात्रीने काही होत नाही. महिनोन् महिने ठेवाल तर नक्की लागेल. कायमची जागा घरातच, एसीच्या कोरड्या हवेत किंवा ४०-५० टक्के आर्द्रतेवर लावलेल्या ड्राय कॅबिनेटमध्ये. गॅरेज फक्त निघण्याच्या आदल्या रात्रीपुरतं. आणि फिरून आल्यावर ओलसर बॅग तशीच बंद करून ठेवू नका, उघडी टाका.

डिकीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: एव्हरग्लेड्समध्ये रॉयल पामच्या पार्किंगमधली काळी गिधाडं गाडीच्या वायपरचं आणि खिडक्यांचं रबर ओरबाडतात. गाडी झाकायला पार्ककडून तिथे ताडपत्र्या ठेवलेल्या असतात. लाजू नका, घाला.

थरथरणारी हवा

धुक्याचा त्रास निदान डोळ्यांना दिसतो. हवेच्या थरथरीचा दिसत नाही, आणि बहुतेक लेन्स याच पायी सर्व्हिस सेंटरच्या वाऱ्या करतात.

प्रकाश वेगवेगळ्या तापमानाच्या हवेतून जाताना किंचित वाकतो. पक्षी आणि तुमच्यामध्ये तापलेली जमीन असेल तर असे शेकडो लहान झोत वर चढत असतात आणि प्रत्येक झोत प्रतिमा जराशी इकडेतिकडे ढकलतो. नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ६०० मिलिमीटरमधून मात्र तोच दोष मोठा होऊन दिसतो. म्हणूनच जितकी लांब लेन्स आणि जितका दूरचा पक्षी, तितका फोटो वाईट. टेलिकन्व्हर्टर लावला की आणखी वाईट. शटर वाढवून फायदा नाही. १/४००० ने फक्त तो वाकडेपणा गोठतो. नंतर सॉफ्टवेअरने धार लावायला जाल तर पिसांच्या जागी गांडुळं दिसायला लागतात.

ठिकाणंही सांगता येतात. एव्हरग्लेड्समधल्या शार्क व्हॅलीचा १५ मैलांचा फेरा डांबरी आहे. दुपारी त्या रस्त्याच्या कडेने लांबवर धरलेला एकही फोटो मला आजवर पटलेला नाही. फ्लोरिडातल्याच मेरिट आयलंडच्या ब्लॅक पॉइंट वाइल्डलाइफ ड्राइव्हवर सगळे गाडीतूनच फोटो काढतात. तिथे खरा शत्रू तुमचीच गाडी असते. बॉनेटवरून लेन्स रोखली की इंजिनची हवा मध्ये येते. आत एसी आणि बाहेर ९० अंश असेल तर काच खाली करताच गार हवा खिडकीतून बाहेर सांडते आणि लेन्सच्या अगदी तोंडाशी गरम हवेत मिसळते. इंजिन बंद करा, दोन्ही बाजूंच्या काचा खाली घ्या, आतली-बाहेरची हवा एक होऊ द्या. पाच मिनिटं घाम येईल, त्याला इलाज नाही.

‘पण मी तर जानेवारीत, पहाटे, ऊन नसताना गेलो होतो,’ असं म्हणणारेही भेटतात. शीत लहरीनंतरच्या सकाळी हवा ४५ अंशांवर येते पण उथळ पाणी अजून कोमट असतं. पाण्यावरून वाफ निघताना दिसते ना, तिथेच थरथर आहे. फरक तापमानातला असतो. ऊन हे त्याचं फक्त एक कारण. आणखी एक लपलेली जागा म्हणजे लेन्सचं हूड. गरम गाडीतून निघालेली लांब लेन्स थंडीत नेली की तिच्या काचेची ऊब हूडच्या नळीत कोंडून राहते आणि थरथर चक्क आपल्या हातात असते. हूड काढून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग परत लावा.

बाकी उपाय म्हणजे जवळ जाणं. दूरचा पक्षी सोडून द्या. ऊन चढल्यावर सपाट पाण्यावरून आडवं न मारता झाडावरच्या घरट्यांकडे वर बघा. जमिनीलगतचा थर टळतो. ढग आला की दोन-तीन मिनिटं हवा निवळते, तेव्हा लांब बर्स्ट मारा आणि त्यातली बरी फ्रेम घ्या.

फळ्यांची पायवाट

इथल्या पाणथळींत चालणं म्हणजे बहुतांशी बोर्डवॉकवर चालणं. डेलरे बीचजवळच्या वाकोडाहॅचीला पाऊण मैलाची लाकडी पायवाट आहे. शुद्ध केलेलं सांडपाणी सोडून केलेल्या या पाणथळीत वुड स्टॉर्क जातीचे करकोचे, म्हणजे भिगवणला दिसणाऱ्या चित्रबलाकाचे जवळचे नातेवाईक, पायवाटेला लागूनच घरटी करतात. एवढ्या जवळचा पक्षी आणि फोटो दुहेरी? ट्रायपॉड. फळीवर ठेवलेला ट्रायपॉड मागून कुणी धावत गेलं की अख्ख्या पायवाटेची थरथर इमानदारीने लेन्सपर्यंत पोचवतो. हातात धरलेल्या कॅमेऱ्याला निदान आपले गुडघे-कोपरे सांभाळून घेतात. पक्ष्यांसाठी ट्रायपॉड गाडीतच राहू द्या, शटर १/१००० च्या वर ठेवा. ट्रायपॉड हवाच असेल तर त्याचे पाय फळीच्या मध्यावर नकोत. खिळ्यांची रांग दिसते तिथे खाली तुळई असते, तिच्यावर ठेवा आणि माणसं पुढे जाईपर्यंत थांबा. कठड्याला टेकूनही तोच धक्का बसतो, हे लक्षात असू द्या.

याच ठिकाणी ‘फोकसच लागत नाही, मोटर गेली’ ही तक्रार हटकून येते. लेन्सवरचं फोकस लिमिटर बटण बघा. ते ‘दहा मीटर ते अनंत’वर असेल तर तीन मीटरवरच्या करकोच्याला लेन्स ओळखच देणार नाही. बटण ‘फुल’वर असूनही लागत नसेल तर पक्षी किमान फोकस-अंतराच्या आत आहे, दोन पावलं मागे व्हा. गवतातल्या पक्ष्याला मात्र उलटा उपाय: फोकसचा चौकोन लहानात लहान करा, कारण डोळा ओळखणारी यंत्रणासुद्धा आडव्या पातींपुढे हात टेकते.

पांढरा पक्षी, काळं पाणी

फोकस बिनचूक असूनही बगळा मऊ दिसतो तेव्हा प्रश्न धारेचा नसून उजेडाचा असतो. जॉर्जियातल्या ओकेफिनोकीसारख्या दलदलीत पाणी चहाच्या रंगाचं असतं. कुजणाऱ्या पालापाचोळ्यातलं टॅनिन त्यात उतरलेलं असतं. कॅमेऱ्याचा मीटर तो गडद पसारा बघतो, त्याला उजळ करायला जातो आणि मधला पांढरा बगळा जळून जातो. पांढऱ्या रंगात तपशीलच उरला नाही की डोळ्याला तो भुरकट वाटतो.

ऑटोवर विसंबू नका. भर उन्हात आयएसओ ४००, एफ/८, १/१६०० ही साधारण बरोबर मात्रा; पांढऱ्या पक्ष्यासाठी शटर १/२५०० किंवा १/३२०० करा आणि मॅन्युअलवर तसंच राहू द्या. पक्षी काळ्या पाण्यावरून हिरव्या झाडीपुढे उडत गेला तरी त्याच्या अंगावरचं ऊन तेच असतं. ॲपर्चर प्रायोरिटीच हवी असेल तर कॉम्पेन्सेशन उणे एकच्या आसपास. हिस्टोग्राममध्ये लहानसा बगळा दिसतही नाही. जळलेला भाग लुकलुकून दाखवणारी सूचना चालू ठेवा. हे सगळं उलट व्हायची वेळ म्हणजे ढगाळ आभाळापुढचा बगळा. तिथे कॅमेरा त्याला करडा करतो, मग अधिक एक करावं लागतं.

विणीच्या हंगामात मोठ्या बगळ्याच्या पाठीवर केसासारखी बारीक, लांब पिसं येतात, आणि उजेड जास्त झाला की पहिला बळी त्यांचाच जातो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बायकांच्या टोप्यांवर ती मिरवण्याची टूम निघाली आणि फ्लोरिडातल्या बगळ्यांच्या वसाहतीच्या वसाहती बंदुकीखाली गेल्या. १९०३ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी पेलिकन आयलंड राखीव केलं. १९०५ मध्ये गाय ब्रॅडली हा रखवालदार शिकाऱ्यांना अडवताना फ्लॅमिंगो गावाजवळ गोळी लागून मेला. मेरिट आयलंडला किंवा रॉयल पामला आज बगळा दहा पावलांवर उभा राहतो तो या इतिहासामुळे. ती पिसं फोटोत नीट उतरलीच पाहिजेत, असा माझा तरी हट्ट असतो.

शांत पाणी, सायप्रस आणि वारा

निसर्गदृश्याचा फोटो मऊ येण्याची कारणं वेगळी. सायप्रसवर लोंबणारा स्पॅनिश मॉस झुळूक जाणवत नसतानाही झुलतो. अर्ध्या सेकंदाच्या एक्स्पोजरला खोड कातीव आणि वरचा निम्मा फोटो पुसट येतो, आणि आपण ट्रायपॉडला शिव्या घालतो. आयएसओ ८०० किंवा १६०० वर न्या, १/१२५ मिळवा. आजच्या कॅमेऱ्यांना ते जड नाही. सगळं फोकसमध्ये यावं म्हणून एफ/२२ लावू नका, विवर्तनाने सगळंच मऊ होतं. एफ/८ ते एफ/११ पुरे.

चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर लावलेला असेल तर फिरवताना पाण्याकडे लक्ष ठेवा. पूर्ण फिरवला की चकाकी जाते, पण तिच्यासोबत प्रतिबिंबही जातं, आणि काळ्या पाण्यावर त्या प्रतिबिंबाखेरीज दुसरं असतं काय? शिवाय तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो, म्हणून पक्ष्यांकडे वळण्याआधी काढून ठेवा. विसरलात तर शटर मंदावतं, पंख हलतात आणि आळ परत लेन्सवर येतो.

डास पळवायचं औषधही बघून घ्या. डीट असलेलं औषध प्लास्टिक आणि रबर विरघळवतं. कॅमेऱ्याची पकड काही दिवसांत चिकट होते. पिकारिडीनचं औषध तसं करत नाही. आणि खालच्या कोनातून फोटो घ्यायला पाण्याच्या कडेला आडवं पडण्याचा मोह आवरा. एव्हरग्लेड्सचा नियम ॲलिगेटरपासून किमान १५ फुटांचा आहे, आणि गवतात फायर अँट या चावऱ्या मुंग्यांचं वारूळ असतं ते कळतं गुडघा टेकल्यावरच. पाण्याच्या पातळीचा फोटो हवा असेल तर बोर्डवॉकवर बसा, घडीचा स्क्रीन उघडा, कठड्याखालून कॅमेरा धरा. पट्टा मनगटाला गुंडाळलेला असू द्या.

तरीही मऊच?

मग लेन्सची परीक्षा घ्या, पण पाणथळीवर नको. ढगाळ सकाळी, घराजवळ, जमिनीवर पक्का रोवलेला ट्रायपॉड, आठ-दहा मीटरवर तिरकी धरलेली मोजपट्टी किंवा वर्तमानपत्र, पुढचा फिल्टर काढलेला. स्वस्त यूव्ही फिल्टरमुळे लांब लेन्स मऊ होते, हे कित्येकांना या टप्प्यावर कळतं. आधी ऑटोफोकसने आणि मग लाइव्ह व्ह्यू मोठा करून हाताने फोकस करून फोटो काढा. हाताने केलेला कातीव आणि ऑटोचा मागे-पुढे सरकलेला असेल तर डीएसएलआरच्या मेनूतलं फोकसचं सूक्ष्म समायोजन पुरतं. दोन्ही सारखेच मऊ, किंवा फोटोची एक बाजू कातीव आणि दुसरी पुसट असेल, तर आतली एखादी काच सरकलेली असू शकते. तेव्हा लेन्स जरूर पाठवा, आणि सोबत या चाचणीच्या मूळ रॉ फाइली द्या. नुसतं ‘फोटो भुरकट येतात’ असं लिहून पाठवलेली लेन्स ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत येण्याची शक्यता बरीच जास्त असते.